वेदर स्टेशन अन् सेन्सर लावून फवारण्या खरंच कमी होतात का? (द्राक्ष, निफाड तालुका)

बोदावरचा_माणूस

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात साडेतीन एकर थॉमसन आहे, जमीन काळी, पाणी विहिरीचं, सगळं ठिबकवर. मागच्या आठवड्यात एका कंपनीचा पोरगा येऊन गेला. पांढरा खांब, वर छोटं सोलर, पाऊस मोजायचं भांडं, पानाच्या आकाराची एक पट्टी अन् जमिनीत दोन खोलीवर पुरायचे सेन्सर, सगळं बांधावर मांडून दाखवलं. म्हणे डावणी (पान ओलं राहिलं की येणारा बुरशीचा रोग) येणार का नाही ते मोबाईलवर आधीच कळणार, भुरीचा (पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीचा) धोका किती ते कळणार, पाणी किती वेळ सोडायचं ते पण कळणार. किंमत पन्नास हजाराच्या घरात सांगितली, वरून दरवर्षीचा रिचार्ज वेगळा.

आता पैशाचा प्रश्न आहेच, तो काय कुणाला सुटत नाही. पण त्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय 'पर्यावरणपूरक शेती' अन् माझं डोकं तिथंच अडकलंय. बागेत खांब रोवला म्हणून पर्यावरण कसं काय वाचतं बुवा? गोडी (फळासाठीच्या) छाटणीपासून माल निघेपर्यंत आमच्याकडं फवारणीचा ब्लोअर इतका फिरतो की शेजारच्या कांद्याच्या डोंगळ्यावर पूर्वीसारख्या मधमाश्या दिसत नाहीत, लहान पोरांना आम्ही बागेत सोडत नाही अन् विहिरीच्या पाण्यात काय काय उतरत असेल याचा विचार पण करवत नाही. हे सगळं त्या खांबानं कमी होणार असेल तर मी कर्ज काढून पण लावीन, पण नुसतं रोज मोबाईलवर 'धोका जास्त' असा लाल मेसेज बघून आणखी एक औषध मारायचं असेल तर मग आत्ता तरी वेगळं काय करतोय आपण?

ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा. द्राक्षाशिवाय दुसऱ्या पिकातल्यांनी सांगितलं तरी चालेल. विकणाऱ्यांनी कृपया नंबर टाकू नका.

दिंडोरीकर_एक्स्पोर्ट

दादा, काही सीझन झाले वापरतोय, मोकळेपणानं सांगतो. होतात कमी, पण सगळ्या नाही अन् दरवर्षी नाही.

डावणीत फरक पडतो कारण डावणीचं गणित हवामानावरच चालतं. रात्री दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला तिचे बीजाणू तयार होतात, पण नवीन पानात शिरायला त्यांना पाण्याचा थर लागतो, पान काही तास ओलं राहावं लागतं अन् तापमान साधारण विशीच्या आसपास किंवा थोडं वर. पान कोरडं तर डावणी नाही. आता आपण काय करतो, आभाळ आलं की मारतो. नोव्हेंबर-डिसेंबरात असे कितीतरी दिवस असतात की ढग आहेत, वातावरण कोंदट वाटतंय, शेजाऱ्याचा ब्लोअर चालू झालाय म्हणून आपल्या पोटात गोळा आलाय, पण दव काही पडलेलं नाही अन् पान सकाळी कोरडं ठणठणीत. त्या दिवसांचं औषध वाचतं. खांबाची खरी कमाई तीच, 'आज मारू नको' हे सांगणं. मारायला सांगणारे तर गावात ढीगभर आहेत.

भुरीला पानावर पाणी लागतच नाही. तिला सावली आवडते, दाट कॅनॉपी (पानांचा पसारा) आवडते, दिवसा मध्यम तापमान आवडतं. तिथं ॲप 'धोका मध्यम' म्हणून दोन-दोन आठवडे एकच रंग दाखवत बसतं, त्यावर काय निर्णय घेणार? भुरीला आमच्याकडं सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विरळणी वेळेवर करून घडाजवळची पानं काढून हवा खेळती ठेवण्याचा, त्याला ना बॅटरी लागते ना रिचार्ज. आणि पोंग्यापासून (डोळे फुटण्यापासून) फुलोऱ्यापर्यंतच्या नाजूक काळात मी पण ॲपच्या भरवशावर फवारणी टाळत नाही, तिथं घड गेला म्हणजे वर्ष गेलं.

आता पावसाळी वर्षाचं बोलू. २०२५ आठवतंय ना, मे महिन्यापासून जो लागला तो ऑक्टोबर संपला तरी थांबेना, काडीला ऊन मिळालं नाही, घडच कमी निघाले कितीतरी बागांत. अशा वर्षी मशीन रोज लाल दाखवणार अन् ते खरंच असणार. त्यात काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालायची सोय नाही, चाक रुतून बसतं, मग मोबाईलवर आगाऊ सूचना आली तरी तुम्ही बांधावर उभे. शेवटी धुरळणी (औषधाची कोरडी भुकटी उडवणं) करून दिवस काढले लोकांनी. तेव्हा जो कुणी दरवर्षी निम्म्या फवारण्या कमी होतील म्हणून सांगतो त्याला पहिलं विचारा, कुठल्या वर्षी?

एक्स्पोर्टवाल्याला हिशोब अजून वेगळा आहे. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं आपले कंटेनर तिकडं कसे अडकले ते जुन्या लोकांना विचारा, कित्येकांची ती जखम अजून भरली नाही. ग्रेपनेटमध्ये (निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीत) प्लॉट नोंदवलेला, काढणीआधी लॅबचा नमुना, सगळी साखळी त्यासाठीच आहे. मण्यात पाणी उतरायला (माल पिकायला) लागल्यावर एक फवारणी टळली तरी रेसिड्यूच्या (मालात राहिलेल्या औषधाच्या अंशाच्या) रिपोर्टच्या वेळी जी शांत झोप लागते ती पन्नास हजारापेक्षा महाग आहे माझ्या मते.

आणि एक जवळून बघितलेली गोष्ट. ती पानासारखी पट्टी असते ना, लीफ वेटनेस सेन्सर, तिच्यावर बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या औषधाचा) निळसर थर बसतो. थर बसला की तो ओल धरून ठेवतो अन् पट्टी दुपारी बारापर्यंत 'पान ओलं' सांगत राहते. आम्ही आता बोर्डो मारला की दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं ती पट्टी पुसतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही. तसंच कॅनॉपी भरली की सोलरवर सावली येते, बॅटरी उतरते अन् नेमकं पावसाच्या आठवड्यात डेटा गायब. खांब ओळीच्या डोक्यावर उंच घ्या, पट्टी मात्र आत घडाच्या उंचीला पाहिजे.

कडूनिंब

एवढं लांब कशाला लिहायचं. खांब विकणारी कंपनी अन् औषध विकणारा दुकानदार यांचं साटंलोटं आहे. धोका दाखवला की खाली लगेच औषधाचं नाव, त्याखाली 'ऑर्डर करा' चं बटण. मी बघितलंय स्वतः. पर्यावरण वगैरे सगळं स्टिकरवर.

दिंडोरीकर_एक्स्पोर्ट

@कडूनिंब भाऊ, बटण आहे ते मान्य, सगळ्यांच्यात नसतं पण आहे. म्हणून तर घेताना विचारायचं की सल्ला देणारा अन् माल विकणारा एकच आहे का. एकच असेल तर घेऊ नका, साधी गोष्ट. पण मग आपला कृषी सेवा केंद्रवाला काय वेगळं करतो हो? तिथं सल्ला फुकट असतो अन् उधारीवर औषध असतं, म्हणून तो फुकटचा सल्ला आपल्याला गोड लागतो. ॲपला निदान म्हणता येतं की कालचा आकडा दाखव.

शिरोळकर

आमच्यात ऊस, त्यामुळं डावणी-बिवणी कळत नाही मला, पण पाण्याचं सांगतो की. आमच्या शिरोळ तालुक्यात येऊन बघा एकदा, कृष्णा-पंचगंगेच्या काठची जमीन, सोन्यासारखी होती म्हणायची वेळ आलीय आता. वर्षानुवर्षं पाट मोकळा सोडून पाणी पाजलं, निचरा नाही, खालून क्षार वर आले अन् पांढरं मीठ दिसायला लागलं रानात. आता लोक जमिनीखालनं सच्छिद्र पाईप टाकून ते पाणी बाहेर काढतात अन् त्याला एकराला केवढा खर्च येतोय ते करणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे पहिलं पाणी जास्त द्यायला खर्च अन् मग तेच बाहेर काढायला खर्च. हे जर तेव्हाच कुणी सांगितलं असतं की बाबा खाली दोन फुटावर वाफसा (जादा पाणी निथळून नुसती ओल राहणं) आलेला नाही, अजून दहा दिवस पाणी नको, तर ही वेळ आली नसती. त्यामुळं जमिनीतला सेन्सर मला पटतो.

बारामतीचं ऐकलं असेलच सगळ्यांनी. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट अन् ऑक्सफर्डला बरोबर घेऊन उसात एआय आणलं, हजारभर शेतकऱ्यांपासून सुरुवात केली, वेदर स्टेशन, जमिनीतले सेन्सर अन् उपग्रहाचे फोटो सगळं एकत्र करून मोबाईलवर मराठीत सांगतात पाणी किती, खत किती. फेब्रुवारी २०२५ ला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचा व्हिडिओ टाकला, त्यावर इलॉन मस्कनं कॉमेंट केली अन् मग काय, गावागावात व्हॉट्सॲपवर तेच. उत्पादन वाढलं, पाणी वाचलं असं सांगतात, वाचलं पण असेल, मी नाही म्हणत नाही.

पण माझी शंका वेगळी हाय. वाचलेलं पाणी जातं कुठं? आमच्या भावकीत एकानं ठिबक केलं, खरंच पाणी वाचलं, तर पुढच्याच हंगामात त्यानं वरच्या माळावर, जिथं जन्मात ऊस नव्हता, तिथं पाईप नेऊन ऊस लावला. आता विहिरीतनं पाणी पहिल्याएवढंच उपसतंय, उलट पूर्वी पाटातनं मुरून थोडंफार खालच्या विहिरीला जायचं ते पण बंद झालं. त्याचं उत्पन्न वाढलं, चांगलं झालं, त्याचा राग नाही. पण ह्याला पर्यावरणपूरक कोण म्हणणार? एकराला पाणी कमी झालं अन् गावाला जास्त लागलं. त्यात आता साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिल सरकार भरतंय, म्हणजे मोटर बंद करायला खिशातनं पण कारण उरलं नाही.

हिवरेबाजारला सेन्सर नव्हता ओ. तिथं दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती पडला त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं गावानं ठरवलंय. आधी ते, मग मशीन.

वायर_आणि_वाफसा

मी हेच काम करतो, सेन्सर बसवायचं अन् दुरुस्तीचं, त्यामुळं कडूनिंब काका मला शिव्या घालणार हे माहिती आहे 😄 कंपनीचं नाव घेणार नाही, नंबर पण टाकणार नाही.

शिरोळकर अण्णांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे अन् तो आमच्या धंद्यातलं कुणी बोलत नाही. ठिबकानं कागदावर ३० ते ५० टक्के पाणी वाचतं म्हणतात, ते शेताच्या बांधापुरतं. नदीचं किंवा भूजलाचं वाचलं का हा वेगळा हिशोब आहे, जगभर हेच दिसलंय की क्षेत्र वाढतं किंवा जास्त पाण्याचं पीक येतं अन् वाचलेलं सगळं तिकडं जातं. मशीन ते थांबवू शकत नाही, ते त्याचं कामच नाही. पण द्राक्षात परिस्थिती थोडी वेगळी आहे असं मला वाटतं, कारण द्राक्षाला पाणी जास्त झालं तर मालाचंच नुकसान होतं, मणी तडकतात, मुळी कुजते, म्हणून बागायतदार पाणी कमी करायला मनानं तयार असतो. उसात तसं नाही.

आता काळ्या जमिनीबद्दल, कारण इथंच निम्मे सेन्सर फसतात. काळी माती वाळली की भेगा पडतात अन् नेमकी सेन्सरच्या कडेनं भेग गेली की माती सुटते, मध्ये हवा राहते, मशीनला वाटतं जमीन कोरडी ठाक. मग ॲप म्हणतं पाणी द्या, तुम्ही देता, पाणी भेगेतून सरळ खाली पळतं अन् सोबत नत्र पण घेऊन जातं. म्हणजे पाणी वाचवायला लावलेलं यंत्र पाणी वाया घालवतं. बसवताना त्याच जागेची माती चाळून, चिखल करून त्या चिखलात सेन्सर घट्ट बसवायचा, ड्रीपरच्या अगदी खाली नाही अन् फार लांब पण नाही, साधारण वीतभर अंतरावर, बोदाच्या (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्याच्या) मध्यावर. एक वरच्या मुळ्यांत, एक त्याखाली. खालच्याचा आकडा पाणी दिल्यावर दरवेळी वाढत असेल तर समजा पाणी मुळ्यांच्या खाली चाललंय, मोटर बंद करा. मला विचाराल तर खालचा सेन्सर जास्त कामाचा.

क्षारपड रानात साधे कपॅसिटन्सवाले (विजेवर ओल मोजणारे) सेन्सर चुकीचं वाचतात, क्षारामुळं ओल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. अण्णा, तुमच्याकडं टेन्शिओमीटर बरा. पाण्याची नळी अन् खाली मातीचं टोक, वर घड्याळासारखा काटा. वीज नाही, रिचार्ज नाही, किंमत थोडी. काटा ८० सेंटीबारच्या पुढं जाईल एवढी जमीन वाळली की आत हवा शिरून तो बंद पडतो, पण बागायती रानात तेवढं वाळू देतो कोण?

आणि फुकटात पण बरंच आहे हो. राहुरी विद्यापीठाचं फुले इरिगेशन शेड्युलर ॲप आहे, पीक, जमीन अन् ठिकाण टाकलं की पाणी किती द्यायचं ते काढून देतं. महावेध या सरकारी प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं २०१७ पासून राज्यात महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत, दोन हजारांच्या वर. पाऊस तुमच्या बांधावर अन् मंडळाच्या केंद्रावर वेगळा पडू शकतो हे खरं, पण तापमान-आर्द्रतेला तो आकडा बऱ्यापैकी चालतो. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या पाण्याच्या शिफारशी तर बाष्पीभवनाच्या आकड्यावरच बांधलेल्या आहेत, वाढीच्या अवस्थेप्रमाणं. एवढं वापरून बघितल्यावर मग ठरवा स्वतःचा खांब लागतोय का.

खताचं पण एक बोलून घेतो. सेन्सरवाले सांगतात नत्र वाचतं, नत्र वाचलं की नायट्रस ऑक्साईड कमी, अन् तो वायू कार्बन डायऑक्साईडच्या अडीचशे पटीहून जास्त तापवतो. विज्ञान बरोबर आहे. पण ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते, तिथं दोन गोण्या वाचवायला कोण हजारो रुपयांचं मशीन घेणार? द्राक्षवाला विद्राव्य खतं वापरतो, ती महाग आहेत, म्हणून तो मोजून सोडतो. युरियावाल्याला मोजायची गरजच वाटत नाही, त्याच्यापुढं ॲप हरणार.

पांढरं_सोनं_यवतमाळ

भाऊ, द्राक्षवाल्यांच्या गप्पा वाचून आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्याला वाटते की आपण दुसऱ्याच देशात राहतो. पन्नास हजार म्हणजे आमचा अख्खा हंगाम हाय.

पण फवारणी कमी करायचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. शेतकरी होते, शेतमजूर होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर चायना पंप, तोंडाला रुमाल, तीन-तीन औषधं एकत्र. त्यामुळं आमच्यासाठी फवारणी कमी होणं म्हणजे आधी माणूस वाचणं, बाकीचं पर्यावरण त्याच्या मागून.

आमच्याकडं कामाला आली ती गोष्ट म्हणजे कामगंध सापळा. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग त्यात येतात, एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले तरच फवारा, नाही तर नाही. नियम जुनाच हाय, पण रोज सकाळी उठून सापळा उघडून मोजायचं कोण? आता वाधवानी एआयचं कॉटनएस नावाचं ॲप आलं, सापळ्यातले पतंग कागदावर पसरून फोटो काढायचा, ते मोजून सांगते फवारायचं का थांबायचं. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनं तर सापळ्यातच कॅमेरा बसवलाय, तो आपोआप फोटो पाठवते. मला यातलं काय आवडलं सांगू का, आमच्या गटातल्या बायकांनी हे काम हातात घेतलं, त्या रोज फोटो काढतात अन् गावाच्या ग्रुपवर आकडा टाकतात. त्यामुळं एका शेतात आकडा वाढला की आजूबाजूचे सावध होतात, बाकीचे उगाच पंप उचलत नाहीत. एकट्याच्या मोबाईलमध्ये राहिला असता तर त्याचा काय उपयोग होता?

ड्रोनबद्दल पण सांगतो कारण त्याची लय हवा हाय. नमो ड्रोन दीदीत १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, ८० टक्के अनुदान, कमाल आठ लाख. एकराला आठ-दहा लिटर पाण्यात काम होते, पाठीवरच्या पंपाला दीडशे-दोनशे लिटर लागते. माणूस विषापासून लांब राहते, हे सगळ्यात मोठं. पण पाणी कमी म्हणजे औषध घट्ट, अन् वारा असला की धुकं बांधाच्या पलीकडं जाते. आमच्या इकडं आता तुती लावून रेशीम करणारे आहेत, शेजाऱ्याचं कीटकनाशक पानावर पडलं अन् ते पान अळीला घातलं की अख्खी बॅच मरते. त्यात कपाशीची बोंडं खाली, पानाच्या आड, वरून पडलेलं तिथपर्यंत पोहोचते का हे एकदा शेतात उभं राहून बघा. ड्रोननं औषध कमी होते असं नाही बाप्पा, फवारणं सोपं होते. सोपं झालं की माणूस जास्त वेळा फवारते का कमी, ते तुम्हीच सांगा.

कडूनिंब

यवतमाळकर भाऊंनी खरं लिहिलं. त्या कामगंध सापळ्याला माझा विरोध नाही. तिथं मशीन मोजतं अन् नियम आधीपासून ठरलेला आहे, कंपनीला मध्ये घुसायला जागा नाही. माझा विरोध आहे तो 'धोका ७२ टक्के' असल्या आकड्याला. ७२ कुठून आला ते कुणी सांगत नाही.

वायर_आणि_वाफसा

@कडूनिंब काका, हे तुमचं पटलं. घेताना विचारायचं की मॉडेल कुठल्या भागातल्या बागांवर तपासलंय. युरोपात डावणीसाठी एक जुना ठोकताळा वापरतात, दहा सेंटिमीटरची फूट, दहा अंश तापमान अन् दहा मिलिमीटर पाऊस जमलं की पहिली लागण धरायची. तो तिथल्या वसंतातल्या थंडीसाठी आहे, हिवाळ्यात वेल झोपतो तिथं. आपल्याकडं वेल झोपतच नाही, वर्षात दोन छाटण्या, दहा अंशाची अट तर गोडी छाटणीनंतर जवळपास रोजच पूर्ण. तिकडचं मॉडेल जसंच्या तसं लावलं तर धोका कायमच दिसणार. त्यामुळं 'तुमचं मॉडेल नाशिकच्या बागांत तपासलं का, कुठल्या वर्षांत, फवारणी न केलेली ओळ सोडून बघितली का' एवढं विचारा. उत्तर देताना पोरगा अडखळला तर समजून घ्या.

अजून एक, डेटा कुणाचा ते लिहून घ्या. तुमच्या बागेचा पाऊस, फवारणीची तारीख, औषधाचं नाव, सगळं त्यांच्याकडं जमा होतं. उद्या रिचार्ज बंद केला तर मागचा डेटा मिळणार का? अन् पाच-सात वर्षांनी बॅटरी, सर्किट खराब झालं की ते परत नेणार का बांधावर टाकून देणार? आधीच मल्चिंगच्या कागदाचे तुकडे अन् ठिबकाच्या जुन्या लॅटरल (नळ्या) सगळ्या रानात आहेत, त्यात आता हे नको.

बोदावरचा_माणूस

सगळ्यांचे आभार. खरं सांगायचं तर एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

शिरोळकर अण्णांचं वाचून घरात चर्चा झाली, कारण वडिलांचा विचार होता की पाणी वाचलं तर खालच्या दीड एकरात अजून बाग वाढवू 🙂 ते सध्या बाजूला ठेवलंय.

पोऱ्याला फोन केला. सल्ला देणारा अन् औषध विकणारा वेगळा आहे म्हणाला, पण मॉडेल कुठं तपासलं यावर 'सरांना विचारून सांगतो'. अजून सांगितलेलं नाही. तोपर्यंत शिवारातल्या पाच-सहा बागायतदारांशी बोलतोय की वेदर स्टेशन एकच घेऊ, खर्च वाटून, अन् जमिनीतले सेन्सर ज्याचे त्याने घ्यायचे. आमच्या सगळ्यांच्या बागा एकाला एक लागून आहेत. चालेल का असं? अन् छाटणीच्या तारखा मागेपुढे आहेत, एकाची सप्टेंबर अखेर, बाकीच्यांची ऑक्टोबरात, त्याचं काय करायचं?

दिंडोरीकर_एक्स्पोर्ट

चालतं, आमच्याकडं असंच आहे. हवामान सगळ्यांचं एकच, फक्त ॲपमध्ये प्रत्येकाने आपला प्लॉट वेगळा टाकायचा अन् छाटणीची तारीख आपली आपली भरायची, म्हणजे अवस्था वेगळी धरून सूचना येते. एकाच खात्यावर सगळे बसलात तर गोंधळ होईल, ज्याचा फुलोरा चालू आहे त्याला दुसऱ्याच अवस्थेची सूचना जाईल. आणि पहिल्या वर्षी प्रत्येकाने बागेच्या कोपऱ्यात दोन ओळी सोडा, तिथं फक्त ॲपनं सांगितलं तरच मारायचं, बाकी बागेत नेहमीसारखं. दोन्हीकडच्या फवारण्या वहीत लिहा, औषधाचं नाव अन् एकरी मात्रा धरून. नुसता फवारण्यांचा आकडा नको, कारण स्वस्त स्पर्शजन्य (वरवर राहणाऱ्या) औषधाच्या तीन फवारण्या टळल्या अन् महागड्या आंतरप्रवाहीच्या (झाडात शिरणाऱ्या) दोन वाढल्या असं पण होतं, तेव्हा रेसिड्यूचा प्रश्न उलट वाढतो.

अन् ब्लोअरचे नोझल बदला आधी. झिजलेल्या नोझलमधून किती औषध जमिनीवर गळतं ते एकदा बादली धरून मोजा, त्याला कुठलाही सेन्सर लागत नाही.

शिरोळकर

ते पाऊस मोजायचं भांडं झाडाखाली किंवा शेडच्या कडेला लावू नका. आमच्या कृषी सहायकानं सांगितलं होतं, आजूबाजूला जेवढं उंच काय असेल त्याच्या निदान दुप्पट लांब पाहिजे. अन् कडेला टोकदार तारा लावा, कावळे बसून घाण करतात त्यात.